बुएनोस आयरेस : गुरुवार, दुपारी साडेतीन

दिवस पहिला, मंगळवार

मुंबईहून अदिस अबाबा, तिथून साओ पाउलो आणि तिथून बुएनोस आयरेस असं करत करत पोचले तेव्हा वार कुठला आहे हेच कळेना. भारत इथल्यापेक्षा साडेआठ तास पुढे, म्हणजे मी दुपारी जेवायला बसते तेव्हा घरी सगळे झोपायच्या तयारीत. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण ब्युनोस एअर्स म्हणायचो, इथले लोक बुएनोस आयरेस म्हणतात, त्याचा अर्थ चांगली हवा, आणि खरंच नोव्हेंबरमधे इथे वसंत असतो त्यामुळे आपल्याकडे फेब्रुवारीत नाशिकला असते ना तशी हवा होती, सकाळी पातळ स्वेटर आणि दुपारी नको.

पहिला दिवस झोपण्यात आणि सुबे कार्ड मिळवण्यात गेला (बस, मेट्रो सगळ्याला हेच एक कार्ड चालतं, आल्या आल्या घेऊन टाका).

जाण्याआधी सगळ्यांचा एकच प्रश्न होता, एवढ्या लांब जातेस तर पेरूला जा ना, माचू पिचू बघ. बरोबरच आहे त्यांचं. पण मी २६ वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन म्हणून काम केलंय आणि पूर्वी एका ट्रेनिंगमधे आमच्या सरांनी अर्जेंटिनाच्या आज्यांबद्दल सांगितलं होतं, की हरवलेली नातवंडं शोधायला त्यांनी शास्त्रज्ञांच्या मागे लागून रक्ताची एक नवी टेस्ट तयार करून घेतली. पाच मिनिटांत सर पुढच्या स्लाइडवर गेले पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं की रिटायर झाल्यावर एका गुरुवारी, त्या आया-आज्या जिथे दर आठवड्याला जमतात त्या चौकात जाऊन उभं राहायचं. बाकी जे बघून होईल ते होईल.

दिवस दुसरा, बुधवार

ला बोका हा बंदराजवळचा भाग बघितला. इटलीतल्या जेनोवाहून आलेल्या खलाशी-मजुरांची वस्ती, पत्र्याची घरं, आणि जहाजांना लावून उरलेला रंग मिळेल तसा भिंतींना फासलेला म्हणून एकच घर तीन रंगांचं. कामिनितो नावाची गल्ली बेनितो किंकेला मार्तिन ह्या चित्रकाराने पुढाकार घेऊन सजवली, तो त्याच भागात लहानाचा मोठा झाला. फोटो छान येतात, गर्दी खूप. दोन तास पुरे. चार वाजता परत आले कारण संध्याकाळनंतर तिकडच्या आडगल्ल्यांमधे एकटीने फिरू नका असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि स्थानिक माणसं असं सांगतात तेव्हा ऐकावं.

दिवस तिसरा, गुरुवार

सकाळी सात वाजताच जाग आली. कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन कॉफी आणि मेदियालुना घेतले. हे आपल्या क्रोसाँसारखंच पण छोटं आणि वरून पाक लावलेलं. शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं, मेदियालुना दोन प्रकारचे असतात, 'दे मांतेका' म्हणजे लोण्यातले आणि 'दे ग्रासा' म्हणजे चरबीतले. दिसायला मांतेकावाले फुगीर, ग्रासावाले सडपातळ, पण विचारूनच घ्या. मी सहा महिने अॅपवर स्पॅनिश शिकून गेले होते तरी पहिले दोन दिवस लोक काय बोलतायत ते कळेना, मग लक्षात आलं की हे लोक 'य' आणि 'ल्य'च्या जागी चक्क 'श' म्हणतात. रस्ता म्हणजे काये, तर हे म्हणणार काशे. मी म्हणजे यो, तर हे म्हणणार शो. मला जायचं होतं तो चौक प्लासा दे मायो, पण बसच्या ड्रायव्हरला तसं सांगितलं तर तो हसून म्हणाला, आ, प्लासा दे माशो. तिथून मी पण माशोच म्हणायला लागले.

साडेतीनपर्यंत वेळ होता म्हणून आधी रेकोलेताचं कबरस्तान. स्मशान काय बघायचं असं वाटेल पण हे छोटं शहरच आहे, १८२२ सालचं, आत गल्ल्या, चौक, दोन्ही बाजूंना संगमरवरी घरासारख्या समाध्या, काचेच्या दारातून आत बघितलं तर खाली तळघरात उतरणारा जिना आणि फळीवर ठेवलेल्या शवपेट्या. परदेशी लोकांना तिकीट आहे. सगळी गर्दी एव्हिता पेरोनच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पेरोनच्या बायकोच्या समाधीपाशी. ती काही फार भव्य नाहीये, काळा ग्रॅनाइट, वर 'दुआर्ते कुटुंब' असं माहेरचं नाव आणि दाराच्या जाळीत खोचलेली फुलं. १९५२ साली कॅन्सरने गेली तेव्हा फक्त ३३ वर्षांची होती. तिचा देह मसाला लावून जतन केला होता, १९५५ ला लष्कराने तिच्या नवऱ्याचं सरकार पाडलं आणि मग तो देहच गायब केला. १६ वर्षं कुणाला पत्ता नव्हता. इटलीत मिलानला एका खोट्या नावाने तिला पुरलेलं होतं. १९७१ ला ती नवऱ्याकडे माद्रिदला पोचली, १९७४ ला मायदेशी आली आणि १९७६ मधे इथे. मी बराच वेळ उभी होते तिथे. दुसऱ्याच बाईचं नाव लावून पुरायचं, ही गोष्ट मला गिळवेना. आमच्या कामात लेबल हा जीव की प्राण असतो, ट्यूबवर लेबल नसेल किंवा नावात एका अक्षराचा फरक असेल तर ती ट्यूब टाकायची आणि पेशंटचं रक्त परत काढायचं, मग कितीही घाई असो आणि डॉक्टर फोनवर कितीही ओरडोत. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलंय.

मी मात्र शोधत होते लेलुआरना. लुइस लेलुआर, १९७० चं केमिस्ट्रीचं नोबेल. डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातली एक साखर, पचतं कसं ते पाठ केलं होतं, त्या मार्गालाच लेलुआर पाथवे म्हणतात. कबरस्तानातल्या रखवालदार काकांना विचारलं तर ते इतके खूश झाले की स्वतः घेऊन गेले. मग त्यांना मी ब्लड बँकेत होते असं सांगितलं तर ते म्हणाले, मग आगोते माहीत असतीलच! माहीत नसायला काय झालं. डॉ. लुइस आगोते, ह्याच शहरात ९ नोव्हेंबर १९१४ ला त्यांनी सोडियम सायट्रेट घालून न गोठू दिलेलं रक्त पेशंटला दिलं. त्याच वर्षी थोडं आधी बेल्जियमच्या एका डॉक्टरने सायट्रेट वापरलं होतं, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्याआधी रक्त द्यायचं म्हणजे देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी झोपवून थेट द्यावं लागायचं कारण बाटलीत काढलं की त्याची गुठळी. आज आपण जी पिशवी बघतो तिच्या तळाशी जे पाण्यासारखं दिसतं त्यात सायट्रेटच असतं, मी तशा किती हजार पिशव्या हातात घेतल्या असतील. इथे ९ नोव्हेंबर हा रक्तदात्यांचा राष्ट्रीय दिवस असतो.

तिथून चालत एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड. पुस्तकांचं दुकान आहे पण मुळात १९१९ सालचं थिएटर, नंतर सिनेमा, आणि २००० पासून पुस्तकं. छतावर जुनं चित्र आहे, पहिलं महायुद्ध संपल्याच्या आनंदात शांततेवर काढलेलं, स्टेजवर कॅफे, मखमलीचा पडदा अजून तसाच, आणि बाल्कनीतल्या ज्या बॉक्समधे पूर्वी बड्या घरची माणसं नाटक बघायला बसायची तिथे आता खुर्ची टाकून कुणीही तासन् तास वाचत बसतं, कुणी उठवत नाही. मी पण बसले अर्धा तास. नातवासाठी माफाल्दाचं, म्हणजे इथल्या गाजलेल्या कॉमिकमधल्या छोट्या मुलीचं एक पुस्तक घेतलं, स्पॅनिशमधलंच. त्याला आत्ता येणार नाही वाचता, पण चित्रं बघेल.

पुढे काशाओ स्टेशनवरून (लिहितात कायाओ) मेट्रोने एक स्टेशन, त्रिबुनालेस. तिथून तेआत्रो कोलोन बाहेरून बघितलं, १९०८ चं ऑपेरा हाउस, आतली टूर घेतली नाही कारण वेळेचं गणित बसेना, तुम्ही घ्या. दोन मिनिटांवर ९ जुलै रस्ता, ह्याच्याएवढा रुंद रस्ता मी कुठे बघितला नाही, एका सिग्नलमधे पलीकडे पोचता येत नाही, मधे थांबावं लागतं. मधोमध ओबेलिस्को नावाचा स्तंभ, ६७ मीटर उंच, शहराच्या पहिल्या स्थापनेला ४०० वर्षं झाली म्हणून १९३६ साली महिन्याभरात बांधला.

पण मी ओबेलिस्कोपेक्षा झाडं बघत राहिले. नीलमोहर! आपल्याकडे मार्च-एप्रिलमधे फुलतो तो जॅकरँडा इथे नोव्हेंबरमधे, आणि एखाद दुसरं झाड नाही, रस्तेच्या रस्ते जांभळे, फुटपाथवर सडा, गाड्यांच्या टपावर फुलं, बेंचवर बसलेल्या माणसाच्या टोपीवर फुलं. हे झाड मुळात इकडचंच आहे, अर्जेंटिनाच्या वायव्येकडचं, आणि कार्लोस थाइस नावाच्या मूळ फ्रेंच बागतज्ज्ञाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते शहरभर लावलं. नाशिकला कॉलेज रोडवर एक झाड फुललं तरी आम्ही गाडी थांबवून बघतो, आणि इथे माणसं खाली मान घालून फुलं तुडवत ऑफिसला जात होती.

इथेच एक प्रकार झाला तो सांगून ठेवते. मागून पाठीवर काहीतरी ओलं पडलं, आणि लगेच एक बाई टिश्यू घेऊन पुसायला आली, पक्ष्याने घाण केली म्हणाली. हे मी वाचलेलं होतं. पुसता पुसता दुसरा माणूस पर्स काढतो. मी पर्स पोटाशी धरली आणि एक शब्द न बोलता सरळ समोरच्या औषधाच्या दुकानात शिरले. छाती धडधडत होती. दुकानातल्या मुलीने काउंटरच्या आत नेऊन खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझा कुडता ओल्या कापडाने स्वतः पुसून दिला, मोहरीसारखं काहीतरी पिवळं होतं. ती दोघं तोवर पसार. एकट्या फिरणाऱ्या बायकांनो, असं काही झालं तर तिथे थांबायचं नाही, दुकानात शिरायचं.

जेवण कोरिएन्तेस रस्त्यावरच्या ग्वेरिनमधे. १९३२ पासूनचं पिझ्झाचं ठिकाण. आत टेबलं आहेत पण पुढे काउंटरपाशी उभं राहून खायची पद्धत आहे, तिथे वकील, मजूर, कॉलेजची पोरं सगळे एका ओळीत. इथला पिझ्झा जाड बुडाचा आणि चीज इतकं की खाली ओघळतं. मी कांदा-चीजची फुगासेता घेतली, आणि शेजारच्या माणसाच्या प्लेटमधे पिझ्झ्यावर एक पिवळा त्रिकोण ठेवलेला दिसला म्हणून बोट दाखवून तो पण मागितला. फाइना त्याचं नाव. एक घास खाल्ला आणि थांबले. बेसन! हरभऱ्याचं पीठ, तेल, मीठ, पाणी आणि वरून मिरपूड, भट्टीत भाजलेलं. कडेला कुरकुरीत आणि आत मऊ, अगदी पाटवडी थापताना कडेची जी थोडी वाळलेली पट्टी सुटते ना आणि आपण ती आधी तोंडात टाकतो, तशीच चव, फक्त फोडणी आणि खोबरं-कोथिंबीर नाही. हे पण जेनोवाहून आलेल्या लोकांनी आणलेलं. तिसऱ्या दिवशी, एवढ्या लांब, बेसनाची चव जिभेवर आली की काय होतं ते घराबाहेर राहिलेल्या माणसालाच कळेल. मी दोन अजून घेतले.

मग आवेनिदा दे माशो. पालासिओ बारोलो लागला, १९२३ ची इमारत, आर्किटेक्टने दान्तेच्या महाकाव्यावरून बेतलेली, खाली नरक, मधे शुद्धीचा लोक, वर स्वर्ग आणि सगळ्यात वर दीपगृह. तळमजल्यावरून चक्कर मारून निघाले. कॅफे तोर्तोनीला रांग होती, सोडून दिलं. सायेन्स पेन्याहून मेट्रोची ए लाइन घेतली, १ डिसेंबर १९१३ ला सुरू झाली, दक्षिण अमेरिकेतली पहिली. लाकडी डबे २०१३ पर्यंत धावत होते म्हणे, ते आता नाहीत, पण पेरू स्टेशन जुन्या जाहिरातींसकट जपलंय. तिथे उतरून चालत गेले कारण चौकात जमिनीखालून बाहेर यायचं नव्हतं, चालत शिरायचं होतं.

तीनला दहा कमी असताना पोचले. समोर गुलाबी कासा रोसादा म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस, एका बाजूला कॅथेड्रल, मागे जुनं पांढरं काबिल्दो म्हणजे स्पॅनिश काळातलं नगरसभेचं घर आणि मधोमध पिरामिदे, नाव पिरॅमिड असलं तरी छोटा पांढरा स्तंभ आहे. फरशीवर त्याच्याभोवती गोलात पांढरे रुमाल रंगवलेत, हनुवटीखाली गाठ मारलेले, आत चेहरा नाही. माणसं त्यावरून चालत होती, मला पाय ठेववेना, मी कडेकडेने बेंचपर्यंत गेले.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. १९७६ ला इथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ पर्यंत माणसं उचलली, विद्यार्थी, कामगार, शिक्षक, वकील, पत्रकार. घरातून, रस्त्यावरून, आणि मग ती कुठे आहेत हे कुणी सांगेना. पोलिसांत जा, कोर्टात जा, चर्चमधे जा, उत्तर नाही. मृतदेह नाही, अटकेची नोंद नाही, त्यामुळे गुन्हाच नाही. त्यांच्यासाठी शब्द पडला देसापारेसिदोस, गायब केलेले. मानवी हक्क संघटना ३०,००० म्हणतात, लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मधे पहिल्या अहवालात ८,९६१ जणांची नोंद केली. ३० एप्रिल १९७७ ला १४ आया ह्या चौकात आल्या, राष्ट्राध्यक्षांना विचारायला की आमची मुलं कुठेत. तो शनिवार होता, चौक ओस, म्हणून पुढे दिवस बदलत गुरुवार ठरला. आणीबाणी असल्यामुळे घोळका करून उभं राहायला बंदी होती, पोलीस म्हणाले 'सिर्कुलेन', चला, हला, थांबू नका. मग त्या हलल्या. दोघी दोघी हात धरून स्तंभाभोवती चालायला लागल्या. पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली, अजून चालतायत.

रुमालाची गोष्ट मला आईच्या मनाने बघितली तर सगळ्यात जास्त लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे लुहानच्या यात्रेत गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला काहीतरी सारखं बांधायचं ठरलं, तर त्यांनी घरात जपून ठेवलेली मुलांची कापडी लंगोटं आणली. आपल्याकडे पण जुन्या धोतराची, मलमलच्या साडीची लंगोटं करून घड्या घालून ठेवतात, मुलं मोठी झाली तरी एखादं पेटीत तळाशी असतंच. ते डोक्यावर बांधून त्या लष्करासमोर चालल्या.

पहिल्या चौदाजणींना एकत्र आणणारी असुसेना विशाफ्लोर. डिसेंबर १९७७ ला तिलाच उचललं. विमानातून समुद्रात टाकलं, प्रेत किनाऱ्याला लागलं आणि गावातल्या कबरस्तानात बेनाम म्हणून पुरलं गेलं. २००५ साली इथल्या फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजीच्या टीमने हाडांवरून, डीएनएवरून तिची ओळख पटवली आणि तिच्या अस्थी ह्या स्तंभाच्या पायथ्याशी ठेवल्या. २८ वर्षांनी लेबल लागलं.

बेंचवर माझ्या शेजारी एक बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, गळ्यात एक लॅमिनेट केलेला काळापांढरा फोटो, पोरगेलासा मुलगा, जाड मिशी, रुंद कॉलर. हातात थर्मास आणि माते नावाच्या इथल्या चहासारख्या पेयाचा भोपळ्याचा पेला. मी फोटोकडे बघतेय हे बघून म्हणाल्या, 'मि एर्मानो', माझा भाऊ. बावीस वर्षांचा. मग मातेच्या पेल्यात गरम पाणी ओतून माझ्यासमोर धरला. कडू, आपल्या काढ्यासारखं, धातूच्या नळीने ओढायचं, आणि एकच पेला सगळ्यांत फिरतो. मी घेतला, संपवला आणि परत देताना ग्रासियास म्हणाले. त्या हसल्या आणि पेला बाजूला ठेवला. नंतर कळलं की मातेमधे ग्रासियास फक्त शेवटी म्हणायचं, त्याचा अर्थ आता मला पुरे. त्यांनीच समजावलं आणि पुन्हा भरून दिला. नातवंडं आहेत का विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. नाव काय. ईशान. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, ईशान, ईशान, आणि बरोबर म्हटलं का असं माझ्याकडे बघितलं. अगदी बरोबर म्हटलं होतं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की मी रक्ताच्या लॅबमधे होते आणि आज्यांसाठी आले. त्यांना लगेच कळलं. आबुएलास, म्हणाल्या, आणि दंडावर रक्त काढतात ती खूण केली.

तर ती टेस्ट. उचललेल्या मुलींमधे काही गरोदर होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवलं, मग मारलं, आणि बाळं लष्करातल्या, ओळखीतल्या घरांत देऊन टाकली, नवी नावं, नवे दाखले. अशी जवळजवळ ५०० बाळं असावीत असा अंदाज आहे. त्यांच्या आज्यांनी ऑक्टोबर १९७७ मधे वेगळी संघटना काढली. आता प्रश्न असा की मूल सापडलं तरी ते आपलंच हे सिद्ध कसं करायचं? पॅटर्निटी टेस्टला आई किंवा बाप लागतो आणि इथे दोघंही नाहीत. १९८२ मधे ह्या आज्या अमेरिकेपर्यंत गेल्या, देश सोडावा लागलेले अर्जेंटिनाचे जेनेटिक्सचे डॉक्टर विक्तोर पेन्चासादेह न्यूयॉर्कला होते त्यांना भेटल्या, तिथल्या ब्लड सेंटरमधल्या लोकांना भेटल्या आणि एकच विचारलं, आमच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का. ते विचारणाऱ्या बाया शिक्षिका, गृहिणी होत्या, ह्यातलं काही शिकलेल्या नव्हत्या, पण नेमका प्रश्न त्यांनी विचारला. पुढे मेरी-क्लेअर किंग वगैरे शास्त्रज्ञांनी आजी-आजोबांच्या एचएलए टायपिंगवरून (पेशींवरच्या, आईबापांकडून मुलात येणाऱ्या खुणांची तपासणी) गणित बसवलं, त्याला नाव दिलं आजीपणाचा निर्देशांक. १९८४ पासून कोर्टात ते चाललं. मग मायटोकाँड्रियाचा डीएनए आला, तो फक्त आईकडून मुलाला जातो, म्हणजे आईची आई एकटी असली तरी पुरते. एचएलए टायपिंग मी स्वतः केलंय, बारीक किचकट काम, दिवसभर ट्रेवर वाकून मान धरते, पण आपण करतो ते काम कुठवर जाऊ शकतं हे त्या ट्रेनिंगच्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं मला.

१९८७ ला कायदा करून राष्ट्रीय जेनेटिक बँक उभी केली, कारण आज्यांना दिसत होतं की आपण तोवर राहणार नाही. नातवंड तीस-चाळीस वर्षांनी शंका येऊन आलं तर आजीचं रक्त तरी तिथे असावं. तशीच येतात ती. १३० च्या पुढे नातवंडं सापडलीत. आज्यांच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोतो, त्यांच्या मुलीला १९७८ साली मारलं, तिचा मुलगा २०१४ मधे सापडला, ३६ वर्षांचा, संगीतकार झालेला, स्वतःहून टेस्टला आलेला. आजी तेव्हा ८३ वर्षांच्या.

साडेतीन वाजले. भारतात बरोब्बर रात्रीचे बारा. फार मोठी गर्दी नव्हती, दोनशे माणसं असतील नसतील, कॉलेजची मुलं, युनियनचे लोक, कडेवर बाळ घेतलेली एक जोडी. मूळच्या आयांपैकी आता फार थोड्या उरल्यात, नव्वदीच्या घरातल्या. एक आजी व्हीलचेअरवर होत्या, डोक्याला रुमाल, त्यावर निळ्या दोऱ्याने काहीतरी भरलेलं. रुमालाची गाठ सैल झाली होती, चालायला लागायच्या आधी मागच्या मुलीने पुढे येऊन वाकून ती हनुवटीखाली नीट बांधली, आणि आजींनी लहान मुलासारखी मान वर करून बांधून घेतली. मग व्हीलचेअर हलली. घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. देवळात उजवी प्रदक्षिणा घालायची सवय असलेल्या मला तो उलटा फेरा पहिल्या वळणावर चमत्कारिक वाटला, दुसऱ्या वळणाला नाही. बेंचवरच्या बाईंनी माझा हात धरला होता. मी बघायला आले होते, चालायचं ठरवलं नव्हतं, पण त्यांनी हात सोडला नाही.

कुणीतरी माइकवर नावं वाचत होतं. नाव, आडनाव. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणायचे, प्रेसेंते. हजर. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या ना, तसंच, फक्त ज्याचं नाव त्याच्या जागी बाकीचे ओ देतात. मधेच बाईंचा हात घट्ट झाला, त्यांच्या भावाचं नाव असावं, मला माइकवरचं नीट ऐकू आलं नाही, पण मी प्रेसेंते म्हटलं. शेवटी तीस हजार, प्रेसेंते, आओरा ई सिएम्प्रे, आत्ता आणि नेहमी. अर्ध्या तासात संपलं. लोक पांगले, थर्मास उघडले, बाईंनी माझ्या गालाला गाल लावून निरोप घेतला आणि त्या मेट्रोच्या जिन्याकडे गेल्या.

मला लगेच कुठे जाववेना. कॅथेड्रलमधे जाऊन बसले, आत अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या जनरल सान मार्तिनची समाधी आहे, दोन सैनिक पहारा देतात, पोप झाले ते फ्रान्सिस आधी इथलेच आर्चबिशप होते. फार काही बघितलं नाही. संध्याकाळी देफेन्सा रस्त्याने चालत सान तेल्मोला गेले. १८७१ ला पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा श्रीमंत लोक इथले वाडे सोडून उत्तरेला गेले आणि त्या वाड्यांमधे मग एकेका खोलीत एकेक कुटुंब असे स्थलांतरित राहायला लागले, अगदी आपल्याकडच्या वाड्यांची बिऱ्हाडं झाली तसं. चिले रस्त्याच्या कोपऱ्यावर बाकड्यावर माफाल्दाचा पुतळा बसलाय, शेजारी बसून फोटो काढायला रांग असते. मी पण काढून घेतला, पिशवीतलं तिचं पुस्तक हातात धरून. एक आल्फाहोर खाल्लं, दोन बिस्किटांमधे दुल्से दे लेचे, म्हणजे दूध-साखर आटवून केलेलं, आपल्या बासुंदीच्या तळाशी जे खरपूस घट्ट राहतं त्याच्या जवळपासची चव.

रात्री दहाला घरी व्हिडिओ कॉल लावला, नाशिकला सकाळचे साडेसहा. ईशान दात घासत होता, तोंडाला फेस. मी म्हटलं, आजीला तुझं पूर्ण नाव सांग बरं. आत्ता? म्हणाला. आत्ता. चूळ भरून आला, कॅमेऱ्यासमोर सरळ उभा राहिला आणि शाळेत सांगतात तसं एका दमात नाव, बाबांचं नाव, आडनाव, मग न विचारताच आईचं नाव, इयत्ता, तुकडी, रोल नंबर.